दोन मिनिटं

माझं काम दिव्यांचं.
हिरवा लावला की बोला,
पिवळा, आवरतं घ्या,
लाल म्हणजे आभारी आहोत, पुढचे.
मेन राज्य, ऑगस्टा, विधानभवनाचा दुसरा मजला.
फेब्रुवारीत इथला रेडिएटर म्हाताऱ्यासारखा खोकतो
आणि सगळे तो ऐकू येत नसल्यासारखे बसतात.

त्या गुरुवारी अर्थसंकल्पातली एकच ओळ होती.
घरी येणाऱ्या मदतनिसांचे तास:
आठवड्याला चौदा होते, आता नऊ.
शीर्षक "समायोजन".
कात्रीला आमच्याकडे बरीच नावं आहेत.

फोर्ट केंटहून व्हॅन आली होती,
पहाटे साडेतीनला निघालेली,
मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागं मागं.
सात जण उतरले.
आठव्याला आतच झोप लागली होती,
त्याला कुणी उठवलं नाही.

ओडील सीर, असं मी पुकारलं
आणि सवयीनं हिरवा लावला.
चूक माझी.
दारापासून माईकपर्यंत
वॉकरनं चाळीस सेकंद लागतात,
आणि एकदा लावलेला दिवा मागे फिरवायचा नाही
असा नियम आहे.

ती आधी फ्रेंचमध्येच बोलायला लागली,
मग स्वतःशीच हसली, पर्स उघडली,
औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी काढली
आणि तिच्या पाठीवरचं वाचू लागली.

"सोमवार. आल्सीदची अंघोळ, दीड तास.
त्याला साबणाची भीती वाटते, म्हणून दीड.
मंगळवार. रोबर्ता येते तेव्हा मी झोपते.
हे लिहावं की नाही कळेना, पण लिहिलं.
बुधवारी त्याची नखं, माझी पाठ,
आणि तळघरात जाऊन भट्टीतलं तेल बघणं.
गुरुवार म्हणजे आज. आज ती त्याच्यापाशी आहे
म्हणून मी इथं आहे."

पिवळा.

"हिशेबात मी कच्ची नाही.
बत्तीस वर्षं गोदामात बटाट्याची पोती मोजली.
यातून पाच तास खोडायचेत ना?
काल रात्रभर बसले.
मला कुठली ओळ खोडता येत नाही.
तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही खोडा."

आणि तिनं पेन्सिल पुढं केली.
आखूड, टोकाला दात लागलेली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला.
डावीकडच्या बाईंनी कागद सरळ केले,
ते आधीच सरळ होते.
पेन्सिल घ्यायला कुणाचाच हात आला नाही.
तिनं ती टेबलावर ठेवली आणि वॉकर वळवला.

लाल दिवा मी अकरा सेकंद उशिरा लावला.
इतिवृत्तात याची नोंद नाही.

मग ते विधेयक टेबलावर गेलं.
टेबल म्हणजे टेबल नव्हे;
पैसे लागणारी सगळी विधेयकं तिथं पडून राहतात
जूनपर्यंत,
कुणी हात धरून उठवेल या आशेवर.
बर्फ वितळला, काळ्या माश्या आल्या,
लॉबीत पुलांची माणसं, माशांची माणसं,
प्रत्येकाची ओळ प्रत्येकाच्या पोटाची.

अखेरच्या रात्री, अडीच वाजता,
थंड पिझ्झाच्या खोक्यांच्या साक्षीनं
तडजोड झाली: नऊ नाही, अकरा.
टाळ्या वाजल्या. थोड्याशा.
दोघंजण एकमेकांना म्हणाले, काहीतरी केलं आपण.
आणि खोटं नव्हतं ते.

साक्ष दिलेल्यांना कळवायचं पत्र मीच पाठवतो:
आपल्या सहभागाबद्दल समिती ऋणी आहे.
खाली छापील सही.

जुलैत पोस्टकार्ड आलं,
मूसचं चित्र, तिरकी अक्षरं.
"साहेब, पत्र पोचलं.
पाच काढायचे होते, आता तीन.
पिशवी फ्रिजवर चुंबकानं लावली आहे,
रोज सकाळी बघते.
पण माझी पेन्सिल तुमच्याकडेच राहिली."

ती खणात आहे,
दिव्यांच्या बटणांखाली.
पाठवून द्यायला हवी.
टपालाचा खर्च कुठल्या ओळीत दाखवायचा
ते विचारायचं राहून जातंय.